बारा दिवस दाबून ठेवलेला पॅच

पहिल्यांदा हे लिहून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणी माझी बाजू घ्यायच्या भानगडीत पडू नये. पॅच तयार होता. शेवटच्या तारखेच्या बारा दिवस आधी तयार होता. पवनीच्या आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत दोन संगणकांवर तो चालून राहिला होता, आणि जिच्यासाठी केला होता ती रोज दुपारी त्यावर सराव करत होती. पाठवायला एक बटण दाबायचं होतं. मी दाबलं नाही.

पॅच म्हणजे ठिगळ. दुसऱ्या कोणी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली की ती दुरुस्त करणाऱ्या चार ओळी, किंवा चारशे. काही सॉफ्टवेअरं फुकट असतात आणि त्यांचं पोट सगळ्यांना उघडं असतं. कोणीही आत बघावं, दुरुस्ती करावी, पाठवावी. ज्याच्याकडे किल्ली असते तो ती तपासतो आणि पटली तर आत घेतो. त्याला मेंटेनर म्हणतात. या कामाचा पगार त्याला बहुतेक वेळा मिळत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असणं आणि डोक्यात शिरणं यात फरक असतो, एवढंच.

आमची अभ्यासिका विहाराच्या मागच्या खोलीत. पाच जुने संगणक, भिंतीला भरतीच्या जाहिराती, आणि खाली मान घालून बसलेली वस्तीतली पोरं-पोरी. कोणी तलाठी, कोणी पोलीस, कोणी नुसतं बसायला. मी भंडाऱ्याला तंत्रनिकेतनात संगणक शिकलो आणि परत येऊन तिथंच चिकटलो. संगणक बघायचे आणि वस्तीतल्या आमच्या चळवळीच्या गटाची पत्रकं लिहायची, ही माझी दोन कामं. पत्रकं मी बरी लिहायचो. निदान मोठ्यानं लिहायचो.

आमच्याकडे एक रिवाज होता. कोणतंही पत्रक छापायला जायच्या आधी ताईला वाचून दाखवायचं. ताई आमच्याच वस्तीतली, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. लहानपणी तापात तिचे डोळे गेले. त्यानंतर ती एम. ए. झाली, हे लोक सांगताना 'तरीपण' लावतात, मी लावत नाही. ती खुर्चीत बसायची, हात टेबलावर, आणि जिथं पटलं नाही तिथं बोटानं टेबलावर एकदा ठोकायची. ठोकलं की थांबायचं. तिची एकच अट होती, पत्रक दोन दिवस आधी आणायचं. छापखान्याचा माणूस दारात उभा असताना वाचून दाखवलेलं ती ऐकून घ्यायची नाही.

एकदा मुलींच्या वसतिगृहातल्या पाण्याच्या टाकीवर पत्रक होतं. मी वाचायला लागलो, "शतकानुशतकांच्या अन्यायाचे जोखड झुगारून..."

टक.

"टाकी कवा साफ होईल, थे कुठी लिवलं?"

"शेवटी येते ताई."

"शेवटी कायले येते? पोरी पानी पहिले पेतात का शेवटी?"

मी सगळं पत्रक उलटं केलं. टाकी आठ दिवसांत साफ झाली. जोखड राहिलं तसंच.

तर ताईनं एका भरतीत लिपिकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. लेखी परीक्षा ती पास झाली. राहिली होती संगणकावरची चाचणी. पत्र टाइप करायचं, आणि एक मराठी तक्ता वाचून त्यात दुरुस्त्या करायच्या. अंध उमेदवाराला लेखनिक मिळतो, म्हणजे कोणीतरी शेजारी बसून वाचतो आणि सांगितलं ते करतो. ताईला लेखनिक नको होता. तिच्या सगळ्या परीक्षा लेखनिकांच्या हातानं झाल्या होत्या. एकानं तिच्या बी. ए.च्या पेपरात दीड पान गाळलं होतं आणि ते तिला निकालानंतर कळलं. वयाच्या अटीप्रमाणे ही तिची शेवटची भरती होती. ती मला म्हणाली होती, "या बारीले माहे हात माहे. मंग नापास झाली तरी चालते."

तिच्यासाठी पडद्यावरचं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर होतं, असंच फुकटचं आणि खुलं. इंग्रजी सरसर वाचायचं. मराठी पत्रही वाचायचं. पण तक्त्यात मराठी मजकूर आला की ते मुकं व्हायचं. चौकटीत नाव असो, गाव असो, ते आपलं सांगायचं, रिकामं, रिकामं, रिकामं. मी ते उघडलं, चूक शोधली, आणि पावसाळाभर खपून दुरुस्त केली. अभ्यासिकेच्या संगणकावर ताईनं पहिल्यांदा तक्ता ऐकला. मशीन म्हणालं, सानगडी. मग म्हणालं, साकोली. ताईनं तीच ओळ पुन्हा वाचायला लावली, मग पुन्हा.

पण चाचणी अभ्यासिकेत होणार नव्हती. केंद्रावर घरी दुरुस्त केलेलं काही चालत नाही. तिथं सॉफ्टवेअरची अधिकृत नवी आवृत्ती जशी येईल तशी टाकतात. म्हणजे माझा पॅच त्या आवृत्तीत असायला हवा होता. आणि त्या प्रकल्पाचा नियम सरळ होता, आवृत्ती निघायच्या काही आठवडे आधी नवं काम घेणं बंद. त्याला ते खिडकी बंद होणं म्हणत. त्या तारखेनंतर फक्त बारीकसारीक दुरुस्त्या. मोठं काही असेल तर पुढच्या खेपेला, चार-पाच महिन्यांनी. नियम आणखीही होते. मोठं काम लहान तुकडे करून पाठवा. एकदा पाठवलं की लगेच पुन्हा पाठवू नका. स्वतःचं तपासून हवं असेल तर दुसऱ्यांचंही तपासा. सगळं एका पानावर लिहिलेलं होतं. मी ते पान वाचलं. एखाद्या कार्यालयाच्या भिंतीवरची नागरिकांची सनद वाचावी तसं वाचलं.

आता त्या बारा दिवसांचं सांगतो.

मी अर्ज देणं भंडाऱ्याच्या एका कार्यालयात शिकलो. शिष्यवृत्तीचं प्रकरण होतं. पहिल्या वर्षी मी मुदतीच्या पंधरा दिवस आधी कागद घेऊन गेलो, शहाण्यासारखा. टेबलावरच्या बाबूनं तीनदा परत पाठवलं. एकदा सही निळ्या शाईची नाही, एकदा जोडपत्र उलटं लावलं, एकदा नुसतंच, 'त्रुटी आहे'. वेळ भरपूर होता म्हणून चुका काढायलाही त्याला वेळ भरपूर होता. आमच्या गटातले एक जुने कार्यकर्ते मला बाहेर चहाच्या टपरीवर म्हणाले, "शेवटच्या दिवशी ये लेका. गर्दी राहते, बाबू पाहत नाई, शिक्का मारते आन पोच देते. एकदा पोच भेटली का तुहा कागद आत. मंग चुका त्याच्या." दुसऱ्या वर्षी मी तसंच केलं. पंधरा मिनिटांत काम झालं.

त्यानंतर आमच्या गटाची सगळी निवेदनं शेवटच्या दिवशी जायची, एका गठ्ठ्यात, पन्नास लोक घेऊन. पोच घ्यायची, पायरीवर फोटो काढायचा, घरी यायचं. आम्हाला ते लढणं वाटत होतं. पवनीपासून साकोलीपर्यंत आमच्यासारखे जितके गट आहेत, सगळ्यांना हेच येतं.

तर मी पॅचही तसाच दिला. आधी पाठवला तर चुका काढत बसतील, तुकडे करायला लावतील, खिडकी बंद होईपर्यंत खेळवतील. शेवटच्या दिवशी सगळा एकदम दिला तर घ्यावाच लागेल. बारा दिवस मी तो असा दाबून बसलो आणि स्वतःला हुशार समजलो.

ताईनं विचारलं होतं. "झालं का पाठवून?"

"तयार हाय. शेवटच्या दिवशी देतो."

"काहून?"

मी तिला शिक्क्याची सगळी विद्या सांगितली. तिनं ऐकून घेतली. मग म्हणाली, "माह्यापाशी तं दोन दिवस आधी आनतेस."

"तुमची गोष्ट अलग हाय ताई. तुमी ऐकून घेता. थे लोक नुसत्या चुका काढतात."

"मंग माहं काम कोनतं हाय?"

मी हसलो. तिनं बोटानं टेबलावर एकदा ठोकलं. मी थांबलो नाही. हातात पत्रक नव्हतं, म्हणून असेल.

शेवटच्या दिवशी सकाळी मी पॅच पाठवला. अकराशेच्या आसपास ओळी, एकच गठ्ठा. सोबत एक मोठं टिपण, माझ्या नेहमीच्या आवाजात. थोड्या वेळात आपोआप येणारं उत्तर आलं की तुमचं मिळालं, रांगेत आहे. मला ती पोच वाटली. पडद्याचा फोटो काढून गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. दोन-तीन पोरांनी निळे झेंडे टाकले. आम्ही चौकात जाऊन तर्री पोहे खाल्ले.

तिसऱ्या दिवशी मेंटेनरचं उत्तर आलं. चार वाक्यं. काम चांगलं दिसतं, आभार. एवढं मोठं एकदम तपासता येत नाही, सात-आठ तुकडे करा. या आवृत्तीची खिडकी बंद झाली आहे. पुढच्या खेपेला लवकर पाठवा.

मला जे झालं ते मला ओळखीचं होतं. तोच बाबू, तेच टेबल, फक्त हा समुद्रापलीकडे बसलेला. मी उठलो आणि इंग्रजीत पत्रक लिहिलं. मथळा असा होता, की डोळस लोकांनी आंधळ्यांच्या तोंडावर दार लावलं. खाली आमच्या एका अंध भगिनीचं आयुष्य, तुमचे नियम, तुमची आरामखुर्ची, असं सगळं. मग सानगडीच्या, साकोलीच्या, भंडाऱ्याच्या पोरांना फोन केले. मजकूर पाठवला आणि सांगितलं, आपापल्या नावानं टाका. दुपारभरात प्रकल्पाच्या टपालयादीवर, म्हणजे मेलिंग लिस्टवर, सदतीस पत्रं पडली. ती यादी उघडी असते, कोणालाही दिसते. मी मोजत बसलो होतो. सानगडीच्या एकानं विचारलं, "भाऊ, पॅच मनजे का असते?" मी म्हटलं, "तू पाठव न, मंग सांगतो."

ताईला ते वाचून दाखवलं नव्हतं. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा लिहिलं. आमच्या गटातून ताईला न दाखवता बाहेर गेलेलं ते पहिलं पत्रक, आणि ते ताईबद्दल होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अभ्यासिकेत गेलो तर ताई कोपऱ्यातल्या संगणकापाशी बसली होती. कानाला हेडफोन लावला नव्हता. आवाज खोलीभर चालू होता. पोरं पुस्तकात तोंड घालून ऐकून राहिली होती. इंग्रजी ते सॉफ्टवेअर सरसर वाचायचं, हे मी वर लिहिलं आहे. ते माझं पत्रक वाचत होतं. त्या सपाट आवाजात, कुठं न थांबता, आमची असहाय अंध भगिनी. मग दुसरं पत्र, तेच. मग तिसरं.

"हे कोन हाय गा?" ताईनं विचारलं. "बिचारी बहीन?"

मी बाजूची खुर्ची ओढली.

"किती हायेत असे?"

"सदतीस."

"मी अकरा आयकले. बाराव्याले वाटलं का काही नवीन राहीन."

मग तिनं एक कळ दाबली आणि म्हणाली, "आता त्याचं आयक."

मेंटेनरनं उत्तर दिलं होतं आणि मी अजून पाहिलं नव्हतं. मशीननं ते वाचलं. मराठीत सांगायचं तर असं होतं. तुमची सदतीस पत्रं मिळाली. सगळी सारखी आहेत हे मला सगळी ऐकल्यावर कळलं, कारण मीही डोळ्यांनी वाचत नाही, याच सॉफ्टवेअरनं ऐकतो. नोकरी सांभाळून या कामाला मला काल सकाळी, म्हणजे तुमच्या दुपारी, दोन तास होते. तुमच्या कामासाठी अपवाद करता येतो का, हे बघायला मी ते ठेवले होते. त्यात हे ऐकून झालं. आता दोन आठवडे मला वेळ नाही.

एवढंच. रागाचा एक शब्द नव्हता. असता तर मला उत्तर देता आलं असतं.

ताईनं आवाज बंद केला. "तू त्याले डोळस मनलं."

"मले माहीत नव्हतं ताई."

"इचारलं होतं?"

"नाई."

"मले वाचून काहून नाई दाखवलं?"

"वेळ नव्हता."

"बारा दिवस होते," ताई म्हणाली.

पोरांपैकी कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी माफीचं पत्र लिहिलं. दोन पानी. यावेळी ताईला वाचून दाखवलं. ती दर ओळीला ठोकत गेली. शेवटी दोन वाक्यं राहिली. चूक झाली, सदतीसही पत्रं माझी होती. पॅचचे तुकडे करून पुढच्या खेपेला पाठवतो. त्याला उत्तर आलं नाही, आणि यावं असंही काही नव्हतं.

चाचणी झाली. केंद्र भंडाऱ्याला होतं. गोंदियाकडचेही उमेदवार आले होते. जिल्ह्याचे दोन झाले तेव्हा मी रांगत होतो, पण परीक्षा म्हटली की लोक अजून इकडंच येतात. मी ताईला घेऊन सकाळच्या एस.टी.नं गेलो. रस्ताभर ती मनात तक्ता म्हणत होती, पहिली आडवी ओळ, दुसरी आडवी ओळ. दारातल्या बाईंनी चांगल्या शब्दांत विचारलं, लेखनिक देऊ का, एक मुलगी बसली आहे. मी ताईकडे बघितलं. माझ्या मनात होतं की तिनं घ्यावा. मला सुटायचं होतं.

"नाई लागत," ताई म्हणाली.

दीड तासानं ती बाहेर आली. पत्र पूर्ण टाइप झालं होतं. तक्त्याला मशीननं सांगितलं, रिकामं, रिकामं, रिकामं. "मी तरी शेवटच्या चौकटीपर्यंत गेली," ती म्हणाली. "म्हटलं एखादी भरली असन." बसस्टँडवर मी तिच्यासाठी पाण्याची बाटली आणली. तिनं ती हातात धरून ठेवली, प्याली नाही.

निवडयादीत तिचा नंबर नव्हता. तक्त्याचे गुण मिळाले असते तर असता का, हे मी काढून बघितलं आहे. उत्तर इथं लिहीत नाही.

पुढची खिडकी उघडली त्या दिवशी मी पॅच पाठवला, आठ तुकडे. नियमाप्रमाणे दुसऱ्यांचंही तपासायला बसलो आणि तेव्हा मला पहिल्यांदा टेबलाच्या त्या बाजूची खुर्ची कळली. ती आरामखुर्ची नव्हती. रांगेत कामं पडून होती. एक जण तेच काम दर चार तासांनी पुन्हा पाठवत होता, जणू हलवलं की रांग पुढं सरकते. आणि कंपन्या. यांच्याबद्दल लिहिताना मला अजून पत्रकाचा आवाज येतो आणि मी तो दाबत नाही. हे सॉफ्टवेअर फुकट उचलून ज्यांनी आपल्या मालात घातलं, अंधांसाठी आम्ही काय काय करतो म्हणून जाहिराती केल्या, त्यांची पगारी माणसं दर खेपेला खिडकी बंद व्हायच्या आदल्या दिवशी गठ्ठ्यानं काम आणून टाकत, कारण त्यांच्या साहेबाला तीच तारीख दाखवायची असे. पाठवणाऱ्याला पगार, तपासणाऱ्याला नाही. त्यांच्यातला कोणी दुसऱ्याचं एक पानही तपासून देत नसे. आमच्याकडे रोवण्याच्या दिवसांत, धान लावताना, माझी आई आज दुसऱ्यांच्या शेतात, त्यांच्या बांधीत वाकते, उद्या ते आमच्या बांधीत वाकतात. जो दुसऱ्याच्या बांधीत जात नाही त्याचे पऱ्हे, म्हणजे रोपं, तसेच उभे राहतात, कोणी भांडायला जात नाही. इथं न वाकणाऱ्याचंच रोवणं आधी होत होतं, आणि वाकणारा एकच माणूस होता, आणि त्याला मी सदतीस पत्रं ऐकवली.

माझे आठही तुकडे आत गेले. प्रत्येकाखाली त्यानं स्वतः तपासल्याची ओळ टाकली. सहाव्या तुकड्यात त्यानं एक चूक दाखवली, आणि ती खरी चूक होती. ती तशीच गेली असती तर लांब तक्त्यात सॉफ्टवेअर बंद पडलं असतं. माझ्या शिक्क्याच्या विद्येनं ती चूक आत गेली असती आणि मी पोच घेऊन पोहे खाल्ले असते.

नवी आवृत्ती निघाली तेव्हा चाचणीला तीन महिने होऊन गेले होते. आता कोणत्याही केंद्रावर मराठी तक्ता वाचला जातो. बरं वाटलं पाहिजे. मी वाट बघून राहिलो आहे.

वर्षभरानं त्या मेंटेनरनं किल्ली खाली ठेवली. झोप होत नाही, घरच्यांना वेळ देता येत नाही, असं लिहिलं. आमचं नाव काढलं नाही. तुझ्यामुळे थोडीच, असं म्हणणारे मित्र मला आहेत. मी त्यांना सांगतो, माझ्यामुळे नसेल, माझ्यासारख्यांमुळे आहे, आणि माझ्यासारखा पहिला मीच आहे. सहा महिने जागा रिकामी होती. रांग वाढत गेली. कंपन्यांनी चिंता व्यक्त करणारी पत्रं लिहिली. मग भारतीय भाषांपुरतं काम तिघांत वाटलं, त्यात मी आहे. माझा हक्क होता म्हणून नव्हे. दुसरं कोणी पुढं आलं नाही म्हणून.

ताई अजून अभ्यासिकेत येते. भरतीच्या पोरींना मराठी शिकवते. पत्रकं अजून तिला वाचून दाखवतो, आणि आता तपासणीची उत्तरंही. हा रिवाज मी लावला. तिनं मागितला नव्हता.

गेल्या खेपेला खिडकी बंद व्हायच्या दिवशी कुठल्याशा कॉलेजातल्या मुलाचा गठ्ठा आला. नऊशे ओळी. दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गातल्या बारा जणांची पत्रं आली, हे लगेच घ्या म्हणून. मला हसू आलं. मी उत्तर लिहिलं, ताईसमोर बसलो, वाचायला लागलो. काम चांगलं दिसतं, आभार. तुकडे करा. नियम सगळ्यांना सारखे आहेत.

टक.

"हे शेवटचं त्यानं तुले लिवलं होतं का?"

"नाई."

"मंग काढ. आन त्याले इचार, तिकडं कोनी बसून हाय का याच्यासाठी. असन तं कोनत्या तारखेले पायजे."

मी तसं विचारलं. उत्तर दुपारीच आलं. बसून कोणी नव्हतं. शुक्रवारी प्रोजेक्ट दाखवायचा होता, त्याचे मार्क होते. मी ताईला सांगितलं. ती हसली. "बरं झालं," म्हणाली. "कोनी नाई तं पुढच्या बारीले पाठव मनाव." मी लिहिलं, पुढच्या खेपेला पाठवा. त्यानं एक अंगठा पाठवला.

मी संगणक बंद करायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "तुले इचारलं असतं तवा त्या मेंटेनरनं, तं सांगतलं असतं तू?"

"सांगतलं असतं न."

"तुह्या पहिल्या कागदात होती का तारीख? पॅचसंगं पाठवला थो."

मी म्हटलं, असेल. मग जुनं टपाल उघडलं. ते टिपण तिथंच होतं, जसंच्या तसं. मी ते तिला वाचून दाखवायला लागलो. समतेवर एक परिच्छेद होता. ज्ञानावर कोणाची मक्तेदारी नाही, यावर एक होता. अंधांच्या हक्कांवर दोन होते, आणि ते चांगले लिहिलेले होते. ताईनं एकदाही ठोकलं नाही. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेलो.

चाचणीची तारीख कुठंच नव्हती. चाचणी आहे, हेही नव्हतं.